दोन्हीकडची लेन्स

दोहा, १२ फेब्रुवारी २००७

मुदस्सिर,

फोनवर तू ओरडतोस, मग मी तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडते, मग तू फोन भिंतीवर आपटतोस. तुमच्या कंपनीतला रहमान सांगत होता, परवा घेतलेलाही फुटला. म्हणून आता कागद. फाडायचा तर फाड, पण आधी वाच. रहमानला बजावून ठेवलंय, कंपनीची बस तुझ्या साइटवर रास लफानला पोचली की पहिलं हे पाकीट तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही. तो गरीब माणूस आहे, त्याच्यावर आवाज चढवलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझा हुकूम मिळाला. 'आपा, बिलकिसच्या डोळ्यात सगळ्यात भारी लेन्स घाला, लांबचंही दिसतं आणि जवळचंही दिसतं ती. चष्मा नको म्हणजे नको.' अरे, मी काय तुझ्या स्टोअरमधला हमाल आहे? मी थोरली बहीण आहे तुझी, शेंबूड पुसलाय तुझा. आणि ती लेन्स म्हणजे एसी नव्हे, की दुकानात शिरलं आणि मोठ्यातला मोठा उचलला. पैसे आहेत म्हणून मिळत नाही ती. माणूस बघून देतात. ते माणूस बघायचं काम इतकी वर्षं मीच करतेय. दवाखान्यात मोतीबिंदूचा पेशंट आला की आधी माझ्या खुर्चीत बसतो, मी त्याला चाळते आणि मग पुढे डॉक्टर मुनीराकडे पाठवते. नाव तिचं मल्टिफोकल. आपल्या लोकांना सांगताना मी 'दोन्हीकडची' म्हणते, पटकन समजतं.

रात्री ट्रेलर चालवणाऱ्याला ती द्यायची नाही, समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, माणूस कोणाला तरी उडवायचा. डोळ्याचा मागचा पडदा खराब असेल तर नाही. आणि स्वभावही बघायचा बरं का! डॉक्टर मुनीरा सुदानी, तोंडाने कडक आणि हाताने सोनं. त्या म्हणतात, 'अफशां, जो माणूस चहात साखर कणभर कमी पडली तर कप फेकतो, त्याला ही लेन्स देऊ नकोस. तो आयुष्यभर माझ्या दारात भांडेल.' मला कोण आठवलं असेल? तू माझ्या खुर्चीत बसलास तर मी तुला पाणीसुद्धा न विचारता परत पाठवीन.

तुझी बायको बिलकिस मात्र माझ्या चाळणीतून पहिल्या झटक्यात खाली आली. गाडी चालवत नाही. काम मणीकामाचं, अबायाच्या बाहीवर बारीक मणी ओवायचे, तेव्हा जवळचं पाहिजेच. डॉक्टरांनी विचारलं, 'थोडंफार उणं राहिलं तर चालवून घेईल का ही?' मी म्हटलं, डॉक्टर, चालवून घेण्यात हिचा हात धरणारी बाई अख्ख्या दोह्यात मिळायची नाही. हसल्या त्या. एकच कुरकुर आहे त्यांची. उजव्या डोळ्यात तिच्या लहानपणीच गोवरात फूल पडलेलं, त्याचा उपयोग नाही. कामाचा डोळा एकच, डावा. तिथे चूक झाली तर खलास. म्हणून थेंब घालून, बाहुली मोठी करून नीट बघते म्हणाल्या, मग ठरवू.

एक त्यांना खटकलं. बेचाळिसाव्या वर्षी मोतीबिंदू कसा? साखर नाही, कसली औषधं नाहीत. मी म्हटलं, मणी ओवून ओवून झाला असेल. मण्यांनी मोतीबिंदू होत नाही, म्हणाल्या.

दुकानाच्या मालकिणीने, त्या अरबाब बाईने, तिला मण्यांवरून काढून बटणांवर बसवलंय. बोलत नाही बिलकिस, पण जीव लागत नाही तिचा. काल मात्र खुर्चीत बसून लहान पोरीसारखी विचारत होती, 'आपा, सुईचं नेढंसुद्धा दिसेल? चष्म्याबिगर?' दिसेल म्हटलं. इतकी खूश झाली. तेव्हा या गुरुवारी मन्सूरा भागातल्या घरी येशील तेव्हा तिचं डोकं खाऊ नकोस. खिमा करून पाठवलाय, डबा परत दे.

आपा


दोहा, २१ फेब्रुवारी २००७

मुदस्सिर,

सलाम नाही, दुआ नाही. रहमान समोर उभा आहे ना? त्याला सांग, बाबा तू जा. हे तुला एकट्याने वाचायचंय.

काल थेंब घातले. बाहुली मोठी झाली. डॉक्टर यंत्राला डोळा लावून बराच वेळ बसल्या, मग उठल्या आणि मला म्हणाल्या, तू बघ. मी बघितलं. मुदस्सिर, मी हजारो मोतीबिंदू बघितलेत. म्हाताऱ्यांचा पिवळा, पिकलेला, दुधाळ. हा तसला नव्हता. याला पाकळ्या होत्या. सरळ फूल उमटलेलं. आणि तिने नजर फिरवली की आतलं भिंग थरथरायचं, पातेल्यातल्या खरवसासारखं. भिंगाला चहूकडून धरून ठेवणारे बारीक दोरे असतात, ते एका बाजूचे तुटलेत. हा वयाचा मोतीबिंदू नाही. हा माराचा.

एका डोळ्यात गोवराने फूल टाकलं. दुसऱ्यात तू.

थांब, सांगते कसं कळलं ते. तू आता तोंड उघडून 'काय पुरावा' म्हणशील. डॉक्टर इंग्लिशमध्ये म्हणाल्या, हिला विचार, या डोळ्याला मार बसला होता का. मी मराठीत विचारलं, 'डोळ्याला कधी काही लागलं होतं का ग?' ती हसली. म्हणाली, 'डोळाच लागत नाय आपा, रातरातभर.' मी म्हटलं मस्करी नको. तेव्हा म्हणाली, 'कपाटाचं दार लागलं होतं. दोन रमजान झाले.' मी डॉक्टरांना सांगितलं, दार. डॉक्टरांनी मान हलवली. दार कपाळाला लागतं, भुवईच्या हाडाला लागतं, इतक्या आत जात नाही. म्हणाल्या, परत विचार.

परत काय विचारू? तेच विचारलं असतं, तेच उत्तर आलं असतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या घरात कोणी कोणाला कधी मारलंच नाही रे! अम्माच्या मनगटाला लागलं. अम्माच्या कानाला लागलं, तेव्हापासून त्या कानाने ऐकू येत नाही. बाबांच्या हातात कमरेचा पट्टा असायचा, आणि तरी शेजारच्या बायांना अम्मा सांगायची, 'पडले, लागलं.' पोरं आपण, आपणही तेच शिकलो. लागतं. आपोआप लागतं. पाऊस लागतो, ठसका लागतो, तसा मारही लागतो. मारणारा कुठे दिसतच नाही त्यात.

म्हणून मी शब्द बदलला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'बिलकिस, कोणी मारलं?'

ती समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. तिला त्यातलं एकही अक्षर दिसत नव्हतं. मग म्हणाली, 'आपा, ते तुमचे भाऊ हायत.'

बस. एवढंच. डॉक्टर विचारत होत्या काय म्हणाली, काय म्हणाली, आणि मी एवढंच म्हटलं, दार नव्हतं. मी तेव्हा सुट्टीवर रत्नागिरीला होते. परत आले तेव्हा तूच मला विमानतळावर घ्यायला आलास आणि गाडीत म्हणालास, 'हिला कपाटाचं दार लागलं, आंधळी आहे.' आंधळी म्हणालास!

बाकीचं रात्री तिच्याकडून काढून घेतलं. जेवायला उशीर झाला म्हणून मारलंस. ईदच्या ऑर्डरी होत्या, भात टाकायला उशीर झाला. एका बाईला एकच डोळा, मुदस्सिर! त्याच डोळ्यावर मूठ मारताना तुझा हात झडला कसा नाही? तू समोर असतास तर तुझी बोटं दाराच्या फटीत घालून एकेक करून चेचली असती. आणि आता कुठून आणला हा उमाळा? डोळा फोडायचा आणि मग त्यात हिरा बसवायला निघायचं?

ऐक आता लेन्सचं. ती दोन्हीकडची लेन्स बरोबर मधोमध बसावी लागते, केसभरही सरकून चालत नाही. जिथे धरणारे दोरेच तुटलेत तिथे ती आज ना उद्या घसरणार. मग तिला सगळं दुहेरी, धुरकट, आणि परत चिरफाड. त्यात दुसरा डोळा नाही. डॉक्टरांनी साफ सांगितलं, ही बाई या लेन्सची नाही. आत कडं घालून आधार देईन आणि साधी लेन्स बसवीन, तीही जपून. चष्मा लागेल. तुला बघवत नसेल तर तू तोंड फिरव.

अफशां


दोहा, ७ मार्च २००७

मुदस्सिर,

सिगारेटच्या खोक्यावर लिहिलेलं तुझं उत्तर रहमानने आणून दिलं. 'नवरा-बायकोत पडू नका. सलाटा रोडवर दुसरा डॉक्टर आहे, तो काही विचारत नाही. शुक्रवारी मी तिला घेऊन जातो, तिथे तीच लेन्स बसेल. तिला तयार ठेवा.'

तयार ठेवा! बकरा आहे का ती?

लेन्सची दुकानं उघडलीत लोकांनी, मला काय माहीत नाही? बसव म्हटलं की बसवतात. तू तिथे नेशील, ते विचारतील, 'कभी चोट लगी?' तू तिच्या पाठीमागे उभा राहशील आणि ती म्हणेल, 'नाय.' आणि सहा महिन्यांनी लेन्स घसरली की डॉक्टर म्हणेल पेशंटने खोटं सांगितलं. बरोबरच म्हणेल. आणि बिलकिस भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जाईल. मी हे होऊ देणार नाही. लिहून ठेव.

ती आता माझ्याकडे आहे, अबू हमूरच्या स्टाफ क्वार्टरवर. माझ्या खोलीतली केरळची नर्स, शैलजा, ती जमिनीवर झोपते आणि बिलकिसला पलंग दिलाय. ओळख ना पाळख. तुला सख्ख्यांनी इतकं केलं त्याचं तू काय केलंस?

पण खरं सांगू? माझं सगळ्यात मोठं भांडण तुझ्याशी नाहीच. तिच्याशीच आहे. रोज संध्याकाळी कामावरून येते आणि माझे पाय धरते. 'आपा, तीच लेन्स घालू द्या. डॉक्टरीणबायना सांगा, मी खोटं बोलले, दारच लागलं होतं.' मी विचारते का ग बये, आंधळी व्हायचंय? तर म्हणते, 'त्यांनी कसम खाल्लीय. ही लेन्स बसली की झालं गेलं संपलं, चष्मा नाय तर आठवण नाय. आणि नाय बसली तर मी तोंड उघडलं ते त्यांच्या ध्यानात राहील.' ऐकलंस? तिला डोळ्यापेक्षा तुझी कसम मोठी वाटते. अशी बाई मिळाली तुला. मी तिच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. उचलला आणि तसाच राहिला. ती डोळे मिटून वाट बघत होती रे. नुसती वाट बघत होती, कधी पडतोय म्हणून.

अम्मालाही तूच पढवलंस ना? रत्नागिरीहून फोन आला. 'अफशां, संसारात भांड्याला भांडं लागतंच. तू मोठी आहेस, समजून घे.' मी म्हटलं, अम्मा, भांडं नाही लागलं, तुझ्या लेकाने मूठ मारली. तर म्हणते, 'तिला बोलायला शिकवू नकोस, माझी अर्धी जिंदगी न बोलता निघाली.' मी फोन ठेवला. पहिल्यांदा मी अम्माचा फोन ठेवला. त्याचंही पाप तुझ्या डोक्यावर.

तिचा व्हिसा दुकानाचा आहे, तुझा नाही. तेव्हा व्हिसा रद्द करून परत पाठवायची धमकी माझ्यापुढे चालायची नाही. शुक्रवारी इकडे फिरकलास तर तंगडं मोडून रास लफानला परत पाठवीन. ही मस्करी समजू नकोस.

अफशां


दोहा, १८ मार्च २००७

मुदस्सिर,

मी लिहिलं होतं ते तुला मस्करी वाटलं.

आता तुझं डोकं ठणकत असेल. माझंही तोंड सुजलंय, वरचा दात हलतोय, लिहिताना लाळ गळते. तरी लिहिते. कारण तू रहमानला सांगत फिरतोयस म्हणे, 'बहिणीने विनाकारण डोकं फोडलं.' विनाकारण?

जुम्म्याच्या नमाजाहून सरळ आलास. अंगावर पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, खिशात अत्तर. मी खिडकीतून बघितलं आणि क्षणभर वाटलं, माफी मागायला आला. इतकी मी मूर्ख. तू दारावर लाथ घातलीस. दुसऱ्या लाथेला बिजागरी सुटली. शैलजा किंचाळली, तिला तू अशी शिवी दिलीस की बरं झालं तिला मराठी येत नाही. बिलकिस उठून उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, 'चला, मी येते.' येते म्हणाली ना ती? निघाली होती ना तुझ्याबरोबर? मग केस कशाला धरलेस? जिन्यापर्यंत फरफटत नेलंस तिला, आणि म्हणत होतास, 'डॉक्टरकडे चल, डॉक्टरकडे चल.' डॉक्टरकडे असं नेतात माणसाला?

मी आडवी आले. तू माझ्या तोंडावर मारलंस. मी कोण होते त्या वेळी, तुला दिसलं तरी का? आपा दिसली का?

मग मी आत गेले आणि खलबत्त्यातला बत्ता आणला. अम्माने दिलेला, लोखंडी. तू पाठमोरा होतास, मी हाक मारली, 'मुद्दू!' पाठीमागून मारायचं नव्हतं मला. तू वळलास. मी मारलं. लागलं नाही, मारलं. बघ, मी लिहू शकते.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तुझ्या भुवईवरून रक्त आलं, पांढरा कुर्ता लाल झाला, तू मटकन पायरीवर बसलास, आणि माझ्या हाताला आणखी एक मारायचा होता. बिलकिसने धरला हात. ती रडत नव्हती. म्हणाली, 'आपा, बास. तुम्ही पण तशाच दिसताय.' तेव्हा बत्ता सुटला माझ्या हातातून. बाबांचा हात तुझ्यात उतरलाय असं मी इतकी वर्षं समजत होते. तो माझ्यातही आहे. या गोष्टीची मला भीती वाटते, मुदस्सिर. तुझी नाही वाटत, पण याची वाटते.

इमर्जन्सीला मीच नेलं तुला. खाली थांबलेल्या रहमानच्या पिकअपमध्ये मधे तू, बाजूला मी, तुझ्या डोक्याला माझा टॉवेल दाबून धरलेला. आपण दोघंही हुंदके देत होतो, आणि रहमान बिचारा रस्त्याकडे बघून गाडी हाकत होता. तिथल्या नर्सने हिंदीत विचारलं, 'कैसे लगा?' बाजूला पोलीस बसलेला. मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच सांगणार होते, मी मारलं म्हणून, आणि त्याच्या आधीचंही सगळं. तर तू म्हणालास, 'दरवाज़ा लगा.'

मला हसू आलं. हलत्या दाताने, रक्ताची गुळणी टाकत हसले मी. पोलिसाला वाटलं बाई वेडी आहे. तू मला वाचवलंस असं समजू नकोस. मी बोलले असते तर बिलकिसच्या डोळ्याचंही आलं असतं, म्हणून तू दार पुढे केलंस. शाब्बास. अम्माचा खरा लेक.

तुझे कपडे आणि मन्सूऱ्याच्या घरातल्या तुझ्या चीजवस्तू रहमानबरोबर पाठवल्यात. कुलूप बदललं. सलाटा रोडच्या डॉक्टरला मी स्वतः फोन केला, बिलकिसचं नाव सांगितलं, डोळ्यात काय आहे ते सांगितलं. आता बसव म्हणावं. ऑपरेशन डॉक्टर मुनीराच करणार. तारीख तुला कळणार नाही.

अफशां


दोहा, १० एप्रिल २००७

मुदस्सिर,

तारीख तुला कोणी सांगितली ते मी शोधून काढलंय. अम्मानेच. बिलकिसने तिच्याकडे दुआ मागितली आणि तिने तुला कळवलं. असो. तू रहमानकरवी विचारलंस, 'मी मिठाई घेऊन आलो होतो, सगळ्या लोकांसमोर माझ्या तोंडावर दार का लावलं?' विचारलंस म्हणून सांगते. यापुढे माझं पत्र येणार नाही.

साधी लेन्स घालायची ठरली तेव्हा एक प्रश्न विचारावा लागतो. दोन्हीकडची असती तर विचारावा लागला नसता. साध्या लेन्सने एकच अंतर स्वच्छ मिळतं. जवळचं घ्या, मग लांबच्याला चष्मा. किंवा लांबचं घ्या, मग जवळच्याला चष्मा. ड्रायव्हर लोक लांबचं मागतात. शिवणकामवाली, कारकून, कुराण वाचणारी म्हातारी माणसं, यांना मी जवळचं सुचवते. बिलकिसचं मी मनात धरूनच चालले होते. मणीकाम करते, जवळचं. विचारायचं म्हणून विचारलं.

'लांबचं,' म्हणाली.

मला वाटलं तिला समजलं नाही. परत समजावलं. सुई, मणी, धागा, सगळं चष्म्याने करावं लागेल, चष्मा नसला की ताटातला काटासुद्धा दिसणार नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, 'सुई कुठं पळते आपा? चष्मा शोधला, लावला, ओवली. माणूस घरात शिरतो तेव्हा चष्मा शोधायला वेळ नसतो. दारातनंच तोंड दिसायला पायजे, कसा आलाय ते. तेवढ्यात मी गॅस बंद करते. तेल तापलेलं असलं तर उतरून ठेवते.'

डॉक्टर मुनीरा विचारत होत्या, काय म्हणते, इतकं लांबलचक काय सांगतेय? माझं काम आहे ते, पेशंटचं बोलणं डॉक्टरांना सांगायचं. मला जमलं नाही. मी उठून बाहेर गेले आणि पॅन्ट्रीत उभी राहून रडले. तू मारलंस तेव्हा नव्हते रडले इतकी. दोन रमजान ती बाई तुझं तोंड न दिसता स्वयंपाक करत होती, मुदस्सिर. धुरकट डोळ्याने. तू दारात आलास की तिला फक्त एक आकार दिसायचा आणि तो आज कसा आलाय हे तिला कळायचं नाही.

परत गेले आणि म्हटलं, बिलकिस, जवळचं घे ग. मण्यांवर बस परत. दाराकडे मी बघते. कुलूप बदललंय, मी आहे, शैलजा आहे, तो आता येत नाही. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, 'तुम्ही आज हाय आपा. डोळा मना मरेपर्यंत वापरायचाय.'

डॉक्टरांना सांगितलं, लांबचं. बिलकिसने मागितलं तेच घातलं. आतलं कडं नीट बसलं, लेन्स मधोमध बसली. डॉक्टरांना घाम फुटला होता, पण हात हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. खोलीचं दार उघडंच होतं, समोर लांबलचक पॅसेज, त्याच्या टोकाला रिसेप्शन. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, म्हणाल्या, हळू उघड. तिने उघडला. आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोघींना म्हणाली, धूसर दिसताय. मग मान वर केली आणि पॅसेजच्या टोकाला बघितलं.

तिथे तू होतास. इस्त्रीचा शर्ट, भुवईवर टाक्यांचा व्रण, हातात मिठाईची पिशवी. हसत होतास. रिसेप्शनवरची मुलगीही तुझ्याकडे बघून हसत होती, किती प्रेमळ नवरा म्हणून. खरं सांगते, मीसुद्धा फसले. मला माझा धाकटा भाऊ दिसला. माझं मन पातळ झालं, मी एक पाऊल पुढे टाकलं तुला आत आणायला.

बिलकिसने माझी ओढणी धरली. ती तुझ्याकडेच बघत होती, पापणी न हलवता, एखादी अवघड ओळ वाचावी तशी. तू हात वर केलास. तिने केला नाही. म्हणाली, 'आपा, ओठ हसतायत. जबडा बघा.'

मी बघितला. खरं होतं.

'आत घेऊ नका,' म्हणाली.

म्हणून मी दार लावलं.

अफशां